चूक गिळणारी लायब्ररी

तुम्हाला सांगते, बाळंतपणाच्या रजेवरून ऑफिसला परतले तेव्हा मलाच वाटत होतं, डोकं घरी राहिलंय. त्यात पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांच्या वेबसाइटचं शीर्षक काही केल्या हिरवं होईना. साहेब दोनदा विचारून गेले, “जमेल ना?” दुपारभर शोधलं, तर कोडमध्ये एक सेमीकोलन टाकायचा राहिलेला, म्हणून रंगाची ओळच बाद! पानाचं रंगरूप ठरवणारी फाइल, म्हणजे स्टाइलशीट, वाचणारा जो तयार प्रोग्राम, आमच्या भाषेत ‘लायब्ररी’, ती लिहिलेली आमच्या टीममधल्या निनादनं. त्यालाच गाठलं.

“अरे, चूक दिसली तर तिनं सांगायचं ना?”

“मॅडम, ती समजूतदार आहे. चुकीची ओळ गुपचूप सोडून पुढे जाते. उगाच आरडाओरडा कशाला?”

“मग मला कळणार कसं?”

“चुकायचंच नाही!”

असली तिडीक गेली डोक्यात! म्हटलं, “निनाद, माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. लंगोट ओला झाला तर तीसुद्धा घर डोक्यावर घेते. तुझ्या लायब्ररीला तेवढी तरी अक्कल दे!”