बाबांचा वन्स मोर

यार, इंडियातून आई-बाबा आले की त्यांना काहीही दाखवा, ऑपेरा तेवढा दाखवू नका.

गेल्या उन्हाळ्यात मी बाबांना घेऊन न्यू मेक्सिकोला गेलो. तिथे भर वाळवंटात, उघड्यावर ऑपेरा होतो. आमच्या बाबांची हयात सांगलीत संगीत नाटकं बघण्यात गेलेली. शेवटी नायिका विष पिऊन, गात गात मेली. सगळं थिएटर चिडीचूप, लोक डोळे पुसतायत, आणि बाबा उभे राहून ओरडले, "वन्स मोर!"

पुढच्या रांगेतल्या बाई वळल्या. मला म्हणाल्या, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नो."

बाबा गुपचूप खाली बसले. मला वाटलं, त्यांनी ऐकलं नसेल.

नंतर पार्किंगमध्ये त्याच बाई समोर. मी गाडी उघडतोय, शेजारी बाबा. बाईंनी हसून बाबांना विचारलं, "म्हणजे हा तुमच्याबरोबर आहे तर?"

"येस," बाबा म्हणाले. "माय ड्रायव्हर."

आणि मागचं दार उघडून मागे बसले. हॉटेल येईपर्यंत माझी आरशात बघायची हिंमत झाली नाही.