दौंडच्या मॅडमकडचं इंग्लिश

मी मूळची कवठे येमाईची, धनगराची पोर. आज्ज्यानं मेंढरं राखली, बापानं जमीन कसली, आन् मला दिली हिकडं कुरकुंभच्या अंगाला, वस्तीवर. घर चांगलं, सासरं तर देवमाणूस, आबा म्हणायचो आम्ही त्यांना, नवरा तेवढा सोडून सगळं चांगलं. शाळा सातवी. इंग्लिश म्हंजी एबीशीडी, ती बी मधीच कुठंतरी अडकायची. आता काय सांगू तुम्हाला, तुम्ही लिहून घ्यायला बसलाय तर हसायचं तिथं हसा, पर खोडू नका काय.

नवरा पुण्याला कंपनीत लागला. आधी सुट्टी पडली की यायचा, मग सणाला यायचा, मग सणाला बी न्हाई. तिकडं दुसरी बघितली आन् खोली करून ऱ्हायला तिच्यासंगं. सासू म्हणायची बाप्याची जात, येईल माघारी, तू घर धरून बस. किती बसायचं हो? उठले आन् एमआयडीसीत गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला लागले. आबांनीच डबा हातात दिला, जा म्हणले.

तिथं लाइनवर सगळ्या कालेजच्या पोरी. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची आन् त्वांड चालू, आन् प्रेमाचं जेवढं म्हणून बोलणं तेवढं इंग्लिशमधी. अमकीला प्रपोज केलं, तमकीचं अफेअर हाय, हिचं ब्रेकअप झालं. ज्या पोरीचं ब्रेकअप व्हायचं ती रडायची बिचारी, पर परत पावडर लावून कामावर हजर, कुणी तिला उणं बोलायचं न्हाई. आन् मला काय म्हणायच्या? टाकलेली. अगं ती न्हाई का पॅकिंगची, नवऱ्यानं टाकलेली. जुनी चप्पल टाकत्यात, नासकं दूध टाकत्यात. नवऱ्याचा आला नसंल एवढा राग मला त्या शब्दाचा यायचा.

दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमागं मार्था मॅडम ऱ्हायच्या. त्यांचा मालक रेल्वेत गार्ड होता, तो वारला, आन् बाई इंग्लिशच्या शिकवण्या घ्यायच्या. लाइनवरच्या एका पोरीनं पत्ता दिला आन् मी सुट्टीच्या दिवशी जीपनं जायला लागले. पहिल्यांदा टेबल, खुर्ची, खिडकी. म्हणलं मॅडम, टेबलाचं आन् माझं काय भांडण न्हाई, मला मनातलं शिकवा. चष्मा काढून माझ्याकडं बघत बसल्या. म्हणल्या, कुणावर मन बसलंय का? म्हणलं न्हाई, उठलंय.

मग शिकवलं त्यांनी. लव्ह, ट्रस्ट, चीटिंग. हार्टब्रोकन म्हणताना त्यांचाच आवाज बसला, मालक आठवला असंल. आन् एक दिवस शिकवलं सेपरेटेड. म्हणलं ह्यात कुणी कुणाला टाकलं? त्या म्हणल्या, किसीने किसीको नहीं, दोघं वेगळे ऱ्हातात, बस. तो शब्द मी जीपमधी घोकत आले, डायवर म्हणला मावशी कसला मंत्र म्हणताय. शिकवणी झाली की चहा आन् केक असायचा. अजून घे म्हणायच्या, मी म्हणायची नो, तर म्हणायच्या नुसतं नो न्हाई, नो थँक्यू म्हणायचं. नको तर नको, पर मान ठेवून.

इकडं वस्तीवर बोभाटा. ही इस्त्रीचं लुगडं नेसून दर सुट्टीला दौंडला जाती, तिथं कुणीतरी हाय हिचं. झालं, जो माणूस वर्षात फिरकला न्हाई तो बायकोचं लफडं म्हणल्यावर पुण्यावरनं पळत आला. माझ्या थोरल्या भावाला, आप्पाला, कवठ्याहून बोलवून घेतलं. वसरीवर सगळी भावकी. नवरा म्हणला, नोकरी बंद, दौंड बंद, हिनं घरात बसायचं. आन् तू? तू परत पुण्याला, तिच्याकडं. ते कुणी इचारलंच न्हाई. आप्पानं मला इचारलं, दौंडला कोण हाय? म्हणलं म्हातारी बाई हाय, इंग्लिश शिकवती. सगळी हसली. नवरा म्हणला, शिकलीस नव्हं, मग बोलून दाव.

आता आली का पंचाईत. मला येत होतं ते सगळं लव्हचंच. टेबल खुर्ची म्हणले असते तर तिथंच सुटले असते, पर ते कुठं नीट शिकले होते मी. उभी ऱ्हायले, पदर खोचला, नवऱ्याकडं तोंड केलं आन् म्हणलं, यू चीटिंग. आय नो ट्रस्ट. आय अ‍ॅम सेपरेटेड. आप्पा म्हणला, म्हंजी काय? म्या एकेक करून मराठीत सांगितलं, फसवलं कुणी, भरवसा कुणावर न्हाई, आन् मी टाकलेली न्हाई, मी वेगळी झालीया. नवरा उसळला, बघा, हेच शिकवतो हिचा यार. म्हणलं थांबा, अजून एक राहिलंय, त्याचा अर्थ सांगायला लागायचा न्हाई.

“आय वाँट डिव्होर्स.”

तो शब्द समद्यांना येत होता. मघापासून भिंतीला टेकून बसलेले आबा उठले आन् पोराकडं न बघता म्हणले, पोरी, एवढं इंग्लिश मला बी कळलं, आता सुट्टीला दौंडला मी येतो सोडायला. आन् येत होते हो, हातपाय चालत होते तवर. मॅडमच्या पायरीवर बसून ऱ्हायचे, बाई त्यांना बी केक द्यायची.

कोर्टाच्या लई चकरा झाल्या, पर मिळाला डिव्होर्स. आप्पा बरीच वर्षं बोलला न्हाई, आता बोलतो. आबा गेले, मॅडम गेल्या. मी लाइनची इनचार्ज हाय, ही खोली माझी हाय, आन् टाकलेली म्हणायची कुणाची टाप न्हाई.

मागच्या दिवाळीला तो आला होता. ती दुसरी निघून गेली त्याची. तुम्ही बसलाय तिथंच बसला, केसं पांढरी झालेली. म्हणला झालं गेलं सोड, चल घरी, ऱ्हाऊ आता एकत्र. वाईट वाटलं मला, न्हाई कशाला म्हणू, संसार केला होता त्याच्यासंगं. चहा केला, बिस्किटं ठिवली, समदं ऐकून घेतलं. मग म्हणलं, नो, थँक्यू.

अर्थ न्हाई इचारला त्यानं. चहा संपवला आन् गेला, सुखी ऱ्हावा कुठं असंल तिथं. तुम्ही घ्या की अजून घोटभर, आन् नको असंल तर कसं म्हणायचं ते ठाऊक झालंय तुम्हाला.