पेनड्राइव्हमधून हलवलेलं बिऱ्हाड

आपला सुधाकर अमरावती सोडून अकोल्याला गेला ना, त्याचा परवा सकाळी फोन. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यासाठी त्याने कापसाच्या वजनांचा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिला होता. मालक तासाभरात बघायला येणार होते. चालला नाही तर काम नागपूरच्या माणसाकडे जाणार.

"भाऊ, आकडेमोडीचं पांडास हे पॅकेज मले फोल्डरात डोयानं दिसून राह्यलं, अन् प्रोग्रॅम म्हणते ते नाहीच!"

"व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथॉन अन् पॅकेजं ठेवायचं ते फोल्डर, तिथंच बनवलं का?"

"नाही बा. अमरावतीच्या कम्प्युटरवर. तिथून पेनड्राइव्हमधी सारं बिऱ्हाडच उचलून आणलं."

"त्यातली अ‍ॅक्टिव्हेट फाइल उघड. आत पत्ता कुठला आहे?"

त्याने फाइल उघडली. मग म्हणाला, "अबे, हा तं जुन्याच कम्प्युटरचा!"

"तो पत्ता तिथं सापडत नाही, म्हणून त्या कम्प्युटरवरचा दुसराच पायथॉन चालून राहिला. त्याच्यापाशी पांडास नाही. ते फोल्डर पुसून टाक, नवीन बनव, पॅकेजं पुन्हा टाक."

"हे उचलून आणता येत नाही, काहून नाही सांगतलं आधी?"

"तू विचारलं कुठं?"

मालक आले तेव्हा प्रोग्रॅम चालत होता. माझा फोन सुरूच होता, त्यामुळे त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"झकास! आता हे सारं उचलून माह्या हापिसातल्या कम्प्युटरमधी टाकून द्या. हा घ्या पेनड्राइव्ह."

सुधाकर एवढ्या मोठ्याने ओरडला, की मी फोन कानापासून दूर धरला.

"ठेवा जी तो खिशात! मीच येतो तुमच्या हापिसात!"