सुनेला रडवणारा बटाटा

...आणि वर म्हणतात, तुझं बाई बरं झालं, सून आली! बसा, बायांनो, बसा, पण त्या पोत्यावर नको, ते बटाटे सोलायचेत अजून. आणि हळू बोला जरा, सासूबाई बाहेर उन्हाला बसल्यात. गुडघे गेले, पण कान अजून तिखट आहेत.

तुम्हाला सांगते, मला फक्त चुलीपुढून उठायचं होतं. दुसरं काही मागितलं का मी? आमचा पोरगा विल्बर डोंगर उतरून खाली लिमाला गेला आणि बायको घेऊन आला, फिओरेला. पोरगी गुणाची, गोड बोलते, म्हटलं सुटले एकदाची. तर पहिल्याच दिवशी म्हणते, "आई, मी मांस खात नाही." जुलै महिना, आपला ऐन हिवाळा, रात्री अंगणातली घागर गोठतेय, आणि ही मांस खात नाही. मग काय करता? भोपळा शिजवला, दूध आणि चीज घालून घोटला. ओलुकोच्या कंदांच्या चकत्या मिरचीवर परतल्या. हिवात गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेले काळे बटाटे भिजत घातले आणि त्यांचं सूप केलं, बाकल्याचे दाणे घालून, कोबी घालून... हाडाशिवाय! आमचे हे, इलारिओ, नुसता चमचा फिरवत बसले. "ह्यात मेंढी कुठंय?" म्हटलं, गोठ्यात आहे, जा भेटून या.

बरं, चुलीमागे पाळलेले गिनीपिग तरी सणाला कापता येतील, तर हिनं सगळ्यांचं बारसंच करून टाकलं. ती पांढरी म्हणे रोसिता. आता रोसिताच्या मानेवर सुरी कोण ठेवणार? सगळं घर भाजीपाल्यावर आलं आणि शिजवणारी मी एकटी.

तरी म्हटलं, चालेल, एकदा तो सुनेला रडवणारा बटाटा सोलून होऊ दे. तुम्हीही त्यावर रडलायतच की, नुसत्या गाठी आणि डोळे! घरातल्या थोरल्या बाईसमोर सोलायचा, सालीला गर लागता कामा नये, आणि जमलं की चुलीवरची पळी नव्या सुनेच्या हातात. माझ्या वेळी सासूबाईंनी साल उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "जाड." त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला म्हणून पळी मला मिळाली, पण माझं नाव तेव्हापासून जाडसाली. सून आली तरी जाडसाली!

तर फिओरेला बसली सोलायला. लिमात म्हणे बटाटे गुळगुळीत असतात. अर्धा बटाटा सालीतच गेला हो... डोळ्यांतून धारा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण त्याहून जास्त मला चुलीपुढून उठायचं होतं. मी आदल्या दिवशीच एक सोलून घागऱ्याच्या घडीत ठेवला होता, सालींसकट. ओलं लाकूड चुलीत सारलं, धूर झाला, सासूबाई डोळे पुसायला लागल्या, आणि घातला की मी माझा बटाटा तिच्या वाडग्यात. तिच्या जाड साली चुलीमागे टाकल्या, त्या रोसितानं आणि तिच्या मंडळींनी फस्त केल्या. पुरावाच उरला नाही.

सासूबाईंनी साल बोटांत धरली. चोळली. उजेडाकडे केली. म्हणाल्या, "ह्याला म्हणतात हात. जाडसाले, इकडे ये, बघ, शीक काहीतरी."

शिकते म्हटलं. पळी पुसली आणि फिओरेलापुढे धरली. तर म्हातारी म्हणते, "हे काय? असा हात चुलीवर भाजायचा होय? ही सोलेल, तू शिजव." आणि काठी टेकत गावभर सांगून आली की संत सांतियागोच्या सणाचे बटाटे, अख्ख्या गावाचे, आमची सून सोलणार. हे तुम्ही आणलेलं पोतं त्यातलंच की!

आता सून आतल्या खोलीत कडी लावून सोलतेय... म्हणजे रोसिताला कोबी भरवतेय. बाहेर पडली की रडते, "आई, मला येत नाही हो." म्हटलं बाळ, तू आतच बस. शिजवणारी मी, सोलणारीही मी. आणि मला फक्त चुलीपुढून उठायचं होतं. हे बघा हात, थंडीनं कशा भेगा पडल्यात.

थांबा, हाक मारतायत. "जाडसाले! पोरीला दुसरं काम लावू नकोस गं, तिच्या हातांना जप!"

"हो सासूबाई, जपतेय."

सरकवा तो पुढचा बटाटा इकडे.