मागच्या खोलीतलं घुंगरू

—नाई नाई, पोहे बशीत तसेच ठेवू नका बाई, बाळापूरवरून उन्हाचं आल्या तुमी. तुमच्या केदारले आमची पौर्णिमा पसंत पडली, आमी तं धन्य झालो — ते घुंगरू? ते कायी नाई, बकरीचं पिल्लू बांधलं मागच्या खोलीत, लय खोडकर. तं सांगत काय होती मी, पौर्णिमाच्या हाताले चव हाय — काय पाहून राहिल्या कपड्याच्या दोरीकडं?

हाव. बकरी लंगोट घालत नाई, हे मलेबी समजते.

माह्या किशोरचं पोरगं हाय ते, ओजू. जन्मापासून श्वासनळी बारीक. अकोल्याले नेलं तं तोंडातून नळी आत जाईच ना, डॉक्टरलोकं घामाघूम — शेवटी गळ्याले भोक पाडलं अन् तिथं नळी बसवली. तिथूनच श्वास घेते. रडते, पण आवाज निघत नाई बाई — तोंड उघडते, डोये गळतात, अन् घर सारं चूप. एक डाव पाळण्यात निळं पडलं, सूनबाई तिथंच पाठमोरी भाजी निवडत होती, तिले पत्ता नाई. तवापासून पायात घुंगरू बांधलं. वाजलं की समजते, लेकरू हाय म्हून.

पौर्णिमाले असं कायी नाई. डॉक्टरनं सांगतलं, हे खानदानी नोय. पण लोकं आयकतात का? अचलपूरचे पाह्यणे आले, गळ्यातली नळी पाह्यली, मंग फोनच नाई उचलला त्याईनं. काऊन नाई लपवणार मी? मलेबी लेक उजवायची हाय.

नळीत कफ भरते, मशीन लावून ओढा लागते. मशीनचा आवाज मोठा, गल्लीभर जाते — म्हून मीच सांगतलं सूनबाईले, पाह्यणे जाईलोक लावू नको, तू चहाचं पाह्य. तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् गेली चुलीकडं. आता घुंगरू वाजून राहिलं ना, मंग झालं. येतेच चहा, साखर कमी चालते ना तुमाले —

जोरात वाजून राहिलं, नाई? खेळत असन. पाय आपटते ते असंच. तं लग्न दिवाळीनंतर धरू, कापूस निघाला की —

थांबा.

बोलू नका जरा. तुमाले आयकू येते का? मले नाई येत.

सूनबाई, मशीन लाव! चहा जाऊ दे चुलीत, मशीन लाव — बाई, उठा तुमी. सोयरीक करा नाईतं नका करू, दारातून सरका.