झुंबरबाईंचं न वाचलेलं पत्र

कार्यकारिणीचे माननीय अध्यक्ष गोरक्षनाथराव, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, आजचे सत्कारमूर्ती जैनुद्दीन मास्तर आणि पुणतांब्याच्या या वाचनालयात दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

मास्तरांची बदली खर्ड्याला झाली. त्यांनी चार वर्षं चालवलेलं 'घाटपायरी' हे आपलं हस्तलिखित मासिक आजपासून माझ्याकडे आलं आहे. गौरवाचे चार शब्द बोलायला उभा राहिलो खरा, पण मनात चीडच जास्त आहे.

लढाईमुळे कागद मिळेना, तेव्हा मास्तरांनी जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून पहिला अंक काढला. मजकुरासाठी ते दारोदार हिंडले. आपण शिकलेल्यांनी त्यांना काय दिलं? वसंतऋतूवरच्या कविता. एकाच अंकात सात! त्यातली एक माझी.

मजकूर दिला तो झुंबरबाईंनी. त्यांचा मुलगा भीमा पलटणीत होता. सरकारी पत्र आलं, ते त्यांनी महिनाभर कोणाला वाचू दिलं नाही. शेवटी मास्तरांकडून वाचून घेतलं. भीमा ब्रह्मदेशात पडला होता. मास्तरांना त्या म्हणाल्या, "आदीच वाचलं असतं तर तवाच गेला असता. न्हाई वाचलं, तवर माझा भीमा जिता हुता." मास्तरांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला.

अंकाच्या नकला करायचं काम माझ्याकडे होतं. मास्तर तेव्हा बहिणीकडे कोल्हारला गेले होते. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाषा जरा शुद्ध करा. अंक तालुक्याला जातो." मी केली. 'पुत्रवियोगाच्या शंकेने व्याकुळ झालेली ती माता' असं लिहिलं. आणि मला ते आवडलंही, सांगायला लाज वाटते.

अंकाचं वाचन याच खोलीत झालं. झुंबरबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "चांगलं हाय. पर कुनाचं हाय ह्ये?" आणि उठून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. आजही आलेल्या नाहीत.

मास्तर मला एका शब्दाने बोलले नाहीत. तो अंक नव्याने लिहायची परवानगी त्यांनी कार्यकारिणीकडे तीनदा मागितली. 'साहित्याला शिस्त हवी' म्हणून आपण तीनदा नाकारली. आणि आज त्यांच्या खांद्यावर शाल घालतो आहोत. गोरक्षनाथराव, आपल्याला राग येईल. पण आपल्यापेक्षा दोष माझा मोठा, लेखणी माझ्या हातात होती.

काल मास्तरांनी झुंबरबाईंचे शब्द उतरवलेला मूळ कागद माझ्या हवाली केला. मी विचारलं, "याचं काय करू?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा," ते म्हणाले.

म्हणून उद्या सकाळी मी झुंबरबाईंच्या दारात बसून तो वाचणार आहे, जसाच्या तसा. 'ह्ये माझं' म्हणाल्या, तर पुढच्या अंकाचं पहिलं पान त्यांचं. नको म्हणाल्या, तर कागद त्यांच्या हाती देऊन परत येईन. कार्यकारिणीला हे मान्य नसेल तर संपादक आजच दुसरा नेमावा.

मास्तर, आपण या गावाला ऐकायला शिकवू पाहिलंत, त्याबद्दल आभार. सभेनेही मला बोलू दिलं, तिचा ऋणी आहे. अधिकउणं बोललो असेन तर ज्येष्ठांनी पोटात घालावं. झुंबरबाईंची माफी मात्र मला त्यांच्यासमोर उभं राहूनच मागावी लागेल.