दिरांचं परराष्ट्र धोरण

आमच्या मोठ्या दिरांना रशियाची बाजू इतकी का पटते, ते मला यंदा कळलं. आर्णीत त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. रोज सकाळी ते माझ्याकडे चहाला येतात आणि टीव्हीवरच्या युद्धाचा अर्थ मला सांगतात. "लहान देशानं मोठ्याच्या दाराशी परका आणून बसवला, तर मोठा चूप कसा राहीन? आधी इचाराले नको काय?"

हे गेल्यापासून समोरची खोली रिकामीच होती. मागच्या महिन्यात मी ती एका नर्सबाईंना भाड्यानं द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दिरांनी चहाला हात लावला नाही.

"मले न इचारता परकं माणूस आणून राह्यली?"

"भाऊजी, खोली तं माही आहे."

"आता तुही. पयले सारं एकच होतं ना!"

"मंग मी युक्रेन झाली काय?"

ते चपापले. "असं काहून म्हणतं? तू तं आपल्या घरचीच आहे."

"तिकडं तेही हेच म्हणून राह्यले, भाऊजी."

नर्सबाई राहायला आल्या. दीर आता रोज त्यांच्याकडून रक्तदाब मोजून घेतात. युद्धाच्या बातम्यांनी तो वाढतो म्हणे.